सखुबाईची तिहुआनाची ट्रिप

मखमलाबादेत कुणा बाईच्या मनात देवाला जायचं आलं, की ती आधी सखुबाई विधातेचा ओटा गाठायची. ओट्यावर झेंडूचा ढीग पडलेला असायचा आणि त्याच्यामागे पाय दुमडून सखुबाई हार ओवत बसलेली असायची. सुई चालू, तोंडही चालू. "उज्जैनीत घाटाला लागून उतरू नका गं, माकडं वाळत घातलेली लुगडी नेतात. ओंकारेश्वरात पुलाच्या अलीकडं ऱ्हावा. अन् धर्मशाळेत शिरल्या शिरल्या आधी नळ बघायचा. देव कुठं पळून जात नाय, पाणी जातं."

हा काही तिचा धंदा नव्हता, आणि तिनं तो ठरवून सुरूही केला नव्हता. ब्याण्णव साली गावातल्या बायका एका ट्रिपवाल्याच्या बसनं द्वारकेला गेल्या होत्या. परतीच्या सकाळी बघतात तर बस नाही आणि ट्रिपवालाही नाही. बायकांनी धर्मशाळेच्या दारातच भोकाड पसरलं. त्यांच्यातली सखुबाई तोवर माहेरची मातोरी, सासरचं मखमलाबाद आणि नाशिकचा फुलबाजार यापलीकडे फारशी कुठे गेलेली नव्हती. पण इतक्या धडधाकट बायका रडताना बघून तिला रागच आला. पदर खोचून ती सरळ धर्मशाळेच्या स्वैपाकघरात शिरली आणि तिथल्या महाराजाला म्हणाली, "तुमच्याकडं आज जेवणाऱ्यांची गर्दी दिसती. हम सब बाया पुऱ्या लाटेंगे, तुम हमकू जागा देव."

बायकांनी पुऱ्या लाटल्या. धर्मशाळेच्या मॅनेजरला त्या इतक्या आवडल्या की त्यानंच धावपळ करून त्यांना सुरतेच्या गाडीत बसवून दिलं. सुरतेहून सापुताऱ्याच्या घाटानं एसटी पकडून सगळ्या नाशकात निमाणीच्या स्टँडवर उतरल्या त्या गाणी म्हणतच. गावात बोलबाला झाला. पुढल्या वर्षी बायकाच म्हणाल्या, सखुबाई नेणार असेल तरच आम्ही येतो. तेव्हापासून दरसाल एक बस निघायला लागली.

तिचा नवरा सावळीराम म्हणजे अगदी दुसरं टोक. बोलणं मोजकं, चालणं शेतापुरतं. पहाटे गुलाब तोडायचा, झेंडूला पाणी द्यायचं, दुपारी जांभळीखाली आडवं व्हायचं. लग्नकार्याला गेला तरी रात्री मुक्कामाला परत. "चला की एकदा माझ्या बसमधून," सखुबाई दरवर्षी म्हणायची. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "अन् गुलाबाला पाणी तुझा द्वारकेचा देव पाजील का?"

त्यांची एकुलती लेक प्रतिभा मात्र आईवर गेली. नाशकात इंजिनिअर झाली आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर, दिनेशबरोबर, थेट कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला गेली. तिथेच तिला मुलगी झाली. फुलं पिकवणाऱ्यांच्या घरची म्हणून नाव ठेवलं जुई. त्या बाळंतपणाला जाता यावं म्हणून सखुबाईनं अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला खेप घातली, आणि नकार आल्यावर पुन्हा एकदा घातली. दोन्ही वेळा काचेपलीकडच्या माणसाला वाटलं, लेक तिकडे आहे, ही बाई गेली की परतायची नाही. "आहो साहेब, मी तिथं राहून करू काय? दसऱ्याचा झेंडू कोण तोडील?" असं तिनं दुसऱ्या खेपेला विचारलंसुद्धा. त्यानं हसून पासपोर्ट परत सरकवला.

जुई फोटोत मोठी होऊ लागली. रांगायला लागली तो फोटो, पहिला दात आला तो फोटो. सखुबाई ते ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकीला दाखवायची, आणि ती बाई गेली की स्वतः पुन्हा बघत बसायची.

दोन हजार पाच सालातली गोष्ट. एका रविवारी सकाळी प्रतिभाचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"आई, यंदाच्या दिवाळीलाही जमत नाही गं. मी कंपनी बदलली ना, पासपोर्टावरचा शिक्का नवा करून घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडे आले आणि अडकले, तर नोकरी जाईल. इथले बरेच जण मेक्सिकोत जाऊन करून येतात. आमच्या घरापासून जवळच सीमा आहे. पलीकडे तिहुआना म्हणून गाव आहे, तिथे अमेरिकेची कचेरी आहे. चार-सहा दिवस हॉटेलात राहायचं, मुलाखत द्यायची आणि शिक्का घेऊन परत यायचं."

सखुबाईनं हातातली सुई झेंडूत खोचून ठेवली.

"मेक्सिको म्हंजे अमेरिका नाय ना?"

"नाही. वेगळा देश आहे."

"मग त्यांचा व्हिसाबी निराळा आसंल."

"असतो... आई, तू काय विचार करतीयेस?"

"तू जुईला घेऊन तिकडून ये," सखुबाई म्हणाली. "मी इकडून येते."

प्रतिभानं आधी हसण्यावारी नेलं, मग समजावलं, मग रागावली, आणि शेवटी फोनवर रडायलाच लागली. पण ते रडणं निराळं होतं. हे जमू शकतं, हे तिच्याही ध्यानात आलं होतं.

सखुबाईच्या बसमधून दरसाल येणाऱ्या सुवर्णा मॅडम पंचवटीत राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या आणि हौशी. सखुबाई दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेली. मॅडमनी जुना नकाशा जमिनीवर अंथरला आणि दोघी त्याच्यावर ओणव्या झाल्या.

"हे नाशिक. आणि हे बघा, इथे तुमचं तिहुआना," मॅडम म्हणाल्या. "मधे सगळी पृथ्वी आहे, सखुबाई."

"बस जात नाय एवढंच," सखुबाई म्हणाली. "बाकी ट्रिप ती ट्रिप."

मग निमाणीजवळच्या सायबर कॅफेत दोघींच्या खेपा सुरू झाल्या. प्रतिभानं तिकडून एक हॉटेल सुचवलं होतं. उंच, काचेचं, कचेरीच्या अगदी जवळ. सखुबाईनं पडद्यावर त्याचा फोटो बघितला आणि नाक मुरडलं. "ह्याच्या खिडक्यासुदिक उघडत नसतील. अन् एवढ्या पैशात आपली बस रामेश्वरला जाऊन येती." मॅडमनी साधी हॉटेलं शोधली. एकाची खोली बरी पण रस्ता बकाल, दुसऱ्याचा रस्ता बरा पण खाली नाचगाण्याचा बार. तिसरं होतं होटेल सान रामोन. दुमजली, निळ्या दारांचं, अंगणात कुंड्या.

"सान म्हणजे संत," मॅडम म्हणाल्या.

"आसं म्हणा की! संत रामोनची धर्मशाळा. ह्यांना इचारा."

सखुबाईनं प्रश्न सांगितले आणि मॅडमनी ते इंग्रजीत टाइप केले. पाणी कधी येतं? गरम मिळतं का? लहान लेकराला दूध तापवायला शेगडी मिळेल का? गच्ची आहे का? मालक तिथेच राहतो की दुसरीकडे? मॅडम म्हणाल्या, "अहो, हॉटेलवाल्यांना असलं कुणी विचारत नाही." "म्हणूनच मग गेल्यावर रडतेत," सखुबाई म्हणाली.

उत्तर आलं ते स्पॅनिशमध्ये. मॅडमनी कॉम्प्युटरकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि मग त्याचं मराठी करून वाचायला लागल्या. "पाणी नेहमी असते. शेगडी माझ्या स्वयंपाकघरात, ती तुमचीही. मी येथेच राहते, माझे नाव लुपे. गच्ची आहे, तिथे कपडे आणि माझ्या कोंबड्या. खोलीत एक..." मॅडम अडखळल्या. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं. "खोलीत एक लग्नाची खाट आहे."

"लग्नाची खाट?"

"तसंच लिहिलंय."

"बया! तिला सांगा, आमचं लगीन कव्हाच झालंय. आमाला साधी खाट चालंल."

कॅफेतली पोरंपोरी वळून बघायला लागली इतक्या दोघी हसल्या. डबल बेडला तिकडे तसंच म्हणतात, हे पुढे प्रतिभानं सांगितलं. पण सखुबाईचं मन कोंबड्यांवर बसलं होतं. जिथे बाई स्वतः राहते आणि गच्चीत कोंबड्या पाळते, ते घर वाईट असायचं नाही, असं तिनं जाहीर केलं आणि खोली पक्की केली.

घोडं अडलं ते सोबतीपाशी. एवढ्या लांब एकटीनं जायचं तिच्याही जिवावर आलं होतं, फक्त ती ते बोलत नव्हती. मॅडमच्या गुडघ्यांनी विमानातल्या लांब बैठकीला साफ नकार दिला होता. सावळीरामला विचारण्यात अर्थ नव्हता. दिवाळीचा झेंडू तोंडावर आलेला आणि हा माणूस त्र्यंबकलासुद्धा मुक्काम करत नव्हता.

एका संध्याकाळी मॅडम नकाशा घेऊन मखमलाबादला आल्या. सावळीराम ओट्याच्या कडेला बसून पाटीतली फुलं निवडत होता. मॅडम सहज म्हणाल्या, "सावळीरामभाऊ, तुम्ही ज्या झेंडूवर जगता ना, तो मूळचा मेक्सिकोचाच. तिथून तो जगभर गेला."

सावळीरामचे हात थांबले. "आपला झेंडू?"

"तुमचाच. दिवाळीच्या सुमारास त्यांच्याकडे पितरांचा सण असतो. सगळं गाव झेंडूनं भरून जातं म्हणे."

हातातलं फूल त्यानं उलटंपालटं करून बघितलं आणि पाटीत टाकलं. जेवताना मात्र भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मल्हारी म्हनत व्हता, यंदा पाणी तो बघील."

मल्हारी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. सखुबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "तुमी मल्हारीला इचारलंबी?"

"सहज बोलनं निघालं."

"झेंडूसाठी येताय व्हय? नातीसाठी नाय?"

"नातीसाठीच," तो म्हणाला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "झेंडूबी बघू."

मेक्सिकोच्या व्हिसासाठी दोघं दिल्लीला गेली. हरिद्वारच्या ट्रिपला बायका उतरल्या होत्या त्याच गुरुद्वाऱ्यात सखुबाईनं मुक्काम ठेवला. वकिलातीतल्या बाईनं विचारलं, "तुमची नात तिहुआनाला राहते का?"

"नाही. अमेरिकेत राहती."

"मग तुम्ही तिहुआनाला कशाला जाता?"

"ती तिकडून येनार, मी इकडून. आमाला मधे भेटाया जागा पायजे."

मॅडमनी आधीच सगळे कागद नीट लावून दिले होते. त्या बाईनं ते चाळले, खोली राखून ठेवल्याचं लुपेबाईचं पत्र वाचलं आणि सावळीरामकडे बघून विचारलं, "तुम्ही काय करता?" तो म्हणाला, "झेंडू." बाईला हसू आलं. व्हिसा मिळाला.

मग मुंबई, अॅमस्टरडॅम, मेक्सिको सिटी. ज्या माणसानं एरवी कधी अंथरूण बदललं नव्हतं, तो सगळा प्रवास गाढ झोपून होता आणि जगभर फिरलेल्या थाटात वावरणारी सखुबाई टक्क जागी. मेक्सिको सिटीच्या विमानतळावर तपासणीवाल्यांनी फराळाचा डबा उघडायला लावला. शिपायानं चकलीकडे संशयानं पाहिलं. सखुबाईनं एक मोडून स्वतः खाल्ली आणि दुसरी त्याच्यापुढे धरली. त्यानं खाल्ली नाही, पण डबा बंद करून दिला.

तिहुआनाला उतरून टॅक्सीवाल्याला तिनं हॉटेलचं नाव दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि एका चकचकीत इमारतीपुढे आणून सोडलं. पाटी तीच, होटेल सान रामोन. आतला टाय लावलेला माणूस सामान उचलायला धावला. सावळीराम आत निघालासुद्धा.

"थांबा हो," सखुबाई म्हणाली. ती मागे सरकून वर बघत होती. गच्ची कुठे दिसत नव्हती. "हितं कोंबड्या नाहीत."

"अगं, नाव तेच हाय ना?"

"नावानं काय हुतंय? नाशकात लक्ष्मी नावाची लॉजं काय कमी हायेत?"

टॅक्सीवाला वैतागून हातवारे करत होता. सखुबाईला त्याचं कळेना, त्याला हिचं कळेना. तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही कोपर अंगाला लावून पंख फडफडवले आणि भर रस्त्यात मोठ्यानं "पक् पक् पकाक्" केलं. मग वर बोट दाखवलं, गच्चीवर. सावळीराम शरमून दुसरीकडे बघायला लागला. टॅक्सीवाला क्षणभर बघत राहिला आणि एकदम कपाळावर हात मारून ओरडला, "आह! दोन्या लुपे!" म्हणजे लुपेबाई.

निळ्या दारांच्या घरापुढे टॅक्सी थांबली तेव्हा एक गोल चेहऱ्याची, करड्या वेणीची बाई उंबऱ्यातच उभी होती. वरून खरोखरच कोंबडीचा आवाज आला. सखुबाईचा जीव भांड्यात पडला. आत शिरल्या शिरल्या तिनं नळ सोडून बघितला. लुपेबाई ते बघून हसली आणि तिनं दुसराही नळ सोडून दाखवला, गरम पाण्याचा.

खाली, दिवाणखान्यात, मेजावर लुपेच्या गेलेल्या माणसांचे फोटो मांडले होते. त्यांच्यापुढे पाव, फळं, मेणबत्त्या आणि ढीगभर झेंडू. सावळीरामनं चपला काढल्या. एक फूल उचलून हुंगलं, पाकळ्या बोटानं उलटवून बघितल्या. "आपल्या कलकत्ता जातीसारखाच हाय," तो पुटपुटला. "पन वास जास्त. पाणी कमी देत आसतील." लुपेनं एका फोटोकडे बोट केलं, तिचा नवरा. सखुबाईनं हात जोडले. आपल्याकडच्या पितरांसारखंच हे, फक्त इथे कावळ्याची वाट न बघता माणसंच हसत जेवायला बसतात, असं तिला वाटलं. सावळीरामनं खुणेनं सुई-दोरा मागितला आणि दुपारभर बसून दारावर तोरण ओवलं. फुलं अशी एकात एक ओवलेली गल्लीनं पाहिली नव्हती. शेजारच्या बाया आपापली फुलं घेऊन आल्या. दारात त्याच्यापुढे रांग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशनं प्रतिभाला आणि जुईला सीमेच्या फाटकापर्यंत सोडलं आणि तो कामावर परतला. दोघी टॅक्सीनं आल्या. प्रतिभा आईच्या गळ्यात पडली. सखुबाईनं डोळे पुसले आणि खाली वाकून दोन्ही हात पसरले. "ये गं माझी जुई."

जुईनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि आईच्या पायामागे तोंड लपवलं. सखुबाईनं लाडू दाखवला. बाहुली दाखवली. शेवटी नुसतंच हसून बघितलं. पोर बधेना. नळ विचारला, शेगडी विचारली, गच्ची विचारली, साऱ्या दुनियेचं नियोजन केलं; पण लेकरू आपल्याकडे येणारच नाही, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं. ती मुकाट्यानं खाटेवर जाऊन बसली.

सावळीराम एका बाजूला गप्प बसून दोऱ्यात फुलं ओवत होता. त्यानं नातीकडे बघितलंही नाही. थोड्या वेळानं जुई हळूच त्याच्याजवळ गेली. त्यानं काही न बोलता एक फूल तिच्या हातात दिलं. तिनं त्याला परत दिलं. त्यानं ओवलं. तिनं दुसरं दिलं. दुपारपर्यंत ती त्याच्या मांडीवर होती.

"बघा!" सखुबाई प्रतिभाला म्हणाली. "बारा-तेरा वर्सं ट्रिपा मी काढल्या, अन् नात गेली ह्यांच्याकडं!" बोलताना तिलाच हसू फुटलं.

मुलाखतीच्या दिवशी प्रतिभा सकाळीच कचेरीत गेली आणि आई दिसेना म्हणून जुईनं रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबांचीही मात्रा चालेना. सखुबाईनं मग विनवण्या करणं सोडून दिलं. दिवाळीच होती. तिनं पिशवीतून तेल आणि उटणं काढलं आणि लुपेला खुणेनं बादली मागितली. बादली नव्हती. लुपेनं गच्चीवरचा कपडे धुवायचा मोठा टब उन्हात ओढला आणि त्यात कोमट पाणी भरलं. रडणाऱ्या पोरीला सखुबाईनं त्यात बसवलं आणि तेल चोळायला सुरुवात केली. तेवढ्यात एक कोंबडी टबाच्या काठावर येऊन उभी राहिली आणि मान वाकडी करून जुईकडे बघायला लागली. जुई रडायची थांबली. सखुबाईनं हळूच म्हटलं, "पक् पक्." कोंबडीनंही म्हटलं. जुईनं ओल्या हातानं आजीचं नाक धरलं आणि म्हणाली, "पुन्हा."

मग पुन्हा, आणि पुन्हा. पाणी निवलं तरी पोर बाहेर यायला तयार नव्हती. प्रतिभा परतली तेव्हा उटण्याचा वास येत असलेली जुई आजीच्या पदरात झोपली होती आणि सखुबाई ओठांवर बोट ठेवून आवाज करू नका असं सांगत होती. "मुलाखत झाली चांगली," प्रतिभा कुजबुजली.

शिक्का मिळाला. निघायच्या दिवशी सीमेच्या फाटकाशी जुई आजीचा पदर सोडेना आणि सखुबाईला तो सोडवावा लागला. ते तिला जड गेलं. परतीच्या टॅक्सीत ती मागे वळून फाटकाकडेच बघत राहिली. शेजारी सावळीराम होता. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि विमानतळ येईपर्यंत सोडला नाही. असं त्यानं चारचौघांत कधी केलं नव्हतं.

गावात परतल्यावर ओट्यावर निराळ्याच बायका यायला लागल्या. इंदिरानगरच्या, कॉलेज रोडच्या, ज्यांची लेकरं तिकडे आणि व्हिसा नाही अशा. सखुबाई हार ओवता ओवता त्यांना सांगायची, कुठल्या विमानात जेवण बरं, टॅक्सीवाल्याला काय दाखवायचं. त्यातल्या दोघी-तिघी खरोखर लुपेकडे उतरूनही आल्या. सावळीरामला तर प्रवासाची चटकच लागली. तो बसमध्ये पहिल्या बाकावर बसायला लागला आणि धर्मशाळेत गेला की बायकोच्या आधी नळ सोडून बघायला लागला.

दोन हजार आठच्या डिसेंबरात प्रतिभाला अखेर सुट्टी मिळाली. ती जुईला घेऊन मखमलाबादला आली, नेमकी सखुबाईची गिरनारची बस निघायची त्याच आठवड्यात.

"आई, यावेळची ट्रिप रद्द कर ना," प्रतिभा म्हणाली.

"बायांना सांगितलंय. पिठं दळून झाली. आता कशी रद्द करू?" सखुबाई म्हणाली. "तुमीच चला."

मग बस ठरल्या दिवशीच निघाली. मधल्या बाकावर प्रतिभा, खिडकीशी सुवर्णा मॅडम, पुढे सावळीराम. निमाणीवरून गाडी हलायच्या आधी सखुबाई दारात उभी राहून एकेकीचं नाव पुकारायला लागली. अक्काबाई, हजर. भागीबाई, हजर. चिमणाबाईला शेजारणीनं ढोसलं, मग तीही हजर. पुकारता पुकारता सखुबाईनं चष्म्यावरून मागच्या बाकाकडे बघितलं.

"जुई दिनेश?"

मागच्या बाकावर कुणाच्या तरी मांडीवर उभं राहून, दोन्ही हात वर करून, जुई सगळ्या बसला ऐकू जाईल अशी ओरडली, "हजर!"

"बस सोडा," सखुबाई ड्रायव्हरला म्हणाली.